पारोळ्यात राहून कॉमिक्स काढायचं की पुणं गाठायचं?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते आधी सांगते, चुकलं असेल तर सांग. तू पारोळ्याचा, वय २३, एटीडी (कलाशिक्षकाची पदविका) झालंय, टॅबवर कॉमिक्स काढतोस, १४ पानांची एक गोष्ट पूर्ण करून ठेवलीयेस. जळगावातल्या एका चित्रकारांच्या ग्रुपने प्रदर्शनासाठी कामं मागवली, तू पानं पाठवलीस आणि "हे कार्टून आहे, भिंतीवर लावायचं काम नाही" म्हणून ती परत आली. घरचे म्हणतायत शाळेत जागा बघ. आणि तू विचारतोयस की खान्देशात कॉमिक्सवाल्याला कोणी कलाकार म्हणून धरतं का, की सरळ पुण्याला निघून जाऊ.

मी जळगावात राहते आणि २२ वर्षं चित्रकथाच काढतेय. दिवाळी अंकांत, शाळांसाठी, शेतीवाल्यांसाठी, आणि अधूनमधून स्वतःच्या. तुला "तू" म्हणते कारण माझा मुलगा तुझ्याहून चारच वर्षांनी लहान आहे.

मला वाटतं तुझा खरा प्रश्न गावाचा नाहीये. तू ज्या दारात उभा राहिलास ते दारच तुझं नव्हतं. चित्रकार मंडळी वाईट नाहीत हे आधी लक्षात घे, त्यांच्यातल्या दोघातिघांकडून मी रंग शिकलेय. पण त्यांची सवय अशी की एक चित्र, एक फ्रेम, समोर उभं राहून बघायचं. सुटं व्यंगचित्र त्या पद्धतीत बसतंसुद्धा, शि. द. फडणीसांनी "हसरी गॅलरी" म्हणून आपल्या चित्रांची प्रदर्शनं भरवली आणि लोक रांगेने बघायला आले. पण तुझी १४ पानांची गोष्ट वेगळी आहे. तिचं नववं पान काढून भिंतीवर टांगलं तर ते मुकं होणारच, कारण आठव्या पानावरून माणूस त्याच्यावर येतो त्यात खरी मजा आहे. त्यांना ते मुकं दिसलं, त्यांनी परत केलं. त्यात तुझा अपमान शोधू नकोस.

मी स्वतः पहिली सहा वर्षं त्याच दारात घालवली. प्रत्येक ग्रुप शोला फॉर्म भरायचे, एखादं मोठं पान रंगवून द्यायचे, ते जिन्याजवळच्या कोपऱ्यात लागायचं आणि ओळख करून देताना "या कार्टून काढतात" असं म्हणायचे. त्या सहा वर्षांत माझं काम एका इंचानेही पुढे सरकलं नाही, कारण मला तिथं कोणी कधी सांगितलंच नाही की गोष्ट कुठं अडतेय. फार तर लाल जास्त झालाय एवढं सांगायचे.

मग एका हिवाळ्यात एका हौशी नाट्यसंस्थेचं पोस्टर करायला घेतलं, राज्य नाट्य स्पर्धेसाठी. जळगाव केंद्रावर दरवर्षी किती संस्था जीव टाकून उतरतात हे तुला माहीत असेलच. पोस्टरसाठी पात्रं बघायची म्हणून तालमीला जाऊन बसले ती रोजच जाऊ लागले. त्यावेळी माझी कापसाच्या खेडा खरेदीवर एक आठ पानांची गोष्ट अर्धी होती. दाराशी व्यापारी काटा घेऊन आलाय, घरधनी त्याच्याशी भावावरून बोलतोय, सलग तीन चौकटी, दोघांचे चेहरे आणि संवादाचे बलून, बस. दिग्दर्शकांनी पान हातात घेतलं, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हे दोघं बोलतायत तोवर त्याची बायको काय करतेय?" मी म्हटलं ती या पानावर नाहीये. ते म्हणाले, "घर तिचं, वेचलेला कापूस तिचा, आणि ती नाहीये?"

रात्री घरी येऊन पान परत काढलं. संवादातला एक शब्दही बदलला नाही. पहिल्या चौकटीत मागे बायको कमरेची झोळी सोडून कापूस ढिगावर ओततेय. दुसरीत ओतता ओतता मान वळवून ऐकतेय. तिसरीत नवरा "जाऊ द्या, द्या त्या भावाने" म्हणतोय आणि तिने शेवटच्या झोळीचं तोंड मुठीत घट्ट धरून ठेवलंय, ओतत नाहीये. एवढंच. ती गोष्ट छापून आल्यावर ज्यांनी ज्यांनी मला फोन केले ते सगळे त्या मुठीबद्दल बोलले. माझ्या सहा वर्षांच्या ग्रुप शोंनी जे दिलं नाही ते त्या एका प्रश्नाने दिलं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय की आपल्यासारख्या गावात कॉमिक्सवाल्याचे सोबती चित्रकारांत कमी आणि गोष्ट सांगणाऱ्यांत जास्त असतात. नाटकवाले, कवी, कीर्तनकार, वहीतल्या कथा गाऊन सांगणारी वहीगायनाची मंडळं, पाचवीच्या वर्गाला तासभर गप्प बसवू शकणारे मराठीचे मास्तर. हे लोक खान्देशात तालुक्या-तालुक्याला आहेत. अमळनेर तुझ्यापासून किती लांब आहे? २०२४ च्या फेब्रुवारीत तिथं ९७ वं साहित्य संमेलन झालं, त्याच गावात त्याच दिवसांत विद्रोही संमेलनही झालं, म्हणजे एका तालुक्याच्या गावात वाचणारी-लिहिणारी माणसं किती आहेत याचा अंदाज कर. त्यांच्यात कॉमिक्सवाला नाही म्हणून तू एकटा आहेस असं तुला वाटतंय, पण मी त्याच्याकडे उलटं बघते, त्यांच्याकडे चित्र काढणारा नाहीये आणि त्यांना तो हवाय. नाटकाला पोस्टर हवं, कवितासंग्रहाला मुखपृष्ठ हवं, शाळेला गॅदरिंगचा पडदा हवा. तू ते कर, सुरुवातीला कमी पैशात कर, पण बदल्यात तुझी पानं त्यांना वाचायला लाव.

बोलीचंच घे. माझ्या एका गोष्टीत साक्रीकडची बाई होती आणि मी तिला माझ्या कानावरची भाषा दिली, म्हणजे जळगाव-यावलकडची. अहिराणीत लिहिणाऱ्या एका कवींना पान दाखवलं तर ते हसले नाहीत, नाराजच झाले, म्हणाले ही बाई राहते साक्रीला आणि बोलते रावेरसारखी. बरोबर होतं त्यांचं. साक्रीकडचा माणूस "कथा चालना?" विचारेल, यावल-रावेरकडचा "कुठी चालला रे भो?" म्हणेल. बाहेरच्यांना सगळी "खान्देशी" वाटते पण बहिणाबाईंची लेवा गणबोली वेगळी, धुळ्याकडची अहिराणी वेगळी, सातपुड्यात वर गेलास की पावरी, भिलोरी, म्हणजे वेगळंच जग. कॉमिक्समध्ये माणूस बलूनमधून बोलतो, तिथं बोली चुकली की चेहरा कितीही छान काढ, तो माणूस खोटा पडतो. ही चूक पुण्यात बसून कोणी पकडून देणार नाही तुला.

दुसरे सोबती म्हणजे घरचे वाचक. माझ्या सासूबाई चौथी शिकलेल्या, पोथी आणि पेपर वाचायच्या, कॉमिक्स कधी हातात धरलेलं नाही. एकदा त्यांना माझं पान वाचायला दिलं. चार चौकटी, दोन वर दोन खाली. त्या बोट लावून वाचतात. बोट पहिल्या चौकटीवर, मग खाली तिसऱ्यावर, मग वर दुसऱ्यावर, मग चौथीवर. आणि म्हणाल्या, "हा मेलेला परत कसा उठला गं?" मी आधी त्यांना समजवायला लागले की असं नाही, आडवं वाचायचं. मग लक्षात आलं की पेपरचे कॉलम असेच उभे असतात, त्यांनी बरोबरच वाचलं, चूक पानाची आहे. माझ्या चौकटींमधल्या उभ्या आणि आडव्या फटी सारख्याच रुंद होत्या, मग डोळ्याने कुठे जायचं ते ठरवायचं कशावरून? आता मी शेजारच्या दोन चौकटींमधली फट बारीक ठेवते आणि वरच्या-खालच्या ओळीतली तिच्या दुप्पट तरी. शिवाय पहिल्या चौकटीतलं शेवटचं बलून उजवीकडे सरकवून असं ठेवते की नजर तिथून आपोआप पुढच्या चौकटीत उतरते. ही गोष्ट इंस्टावर तुला कधीच कळणार नाही कारण तिथं माणूस एकेक चौकट सरकवत जातो, पान बघतच नाही.

यावरून आठवलं, अजिंठ्याला गेलायस का? म्हणजे शाळेच्या सहलीत नाही, वही घेऊन. लेणी संभाजीनगर जिल्ह्यात मोडतात पण आपल्याला जळगावहून ६० किलोमीटरच्या आसपास. सोमवारी बंद असतात तेवढं बघ. १७ नंबरच्या लेण्यात विश्वंतर जातक आहे, म्हणजे बुद्धाच्या आधीच्या एका जन्माची गोष्ट, तिथं जमेल तेवढा वेळ थांब. एकच राजपुत्र त्याच भिंतीवर परत परत दिसतो, राजवाड्यात, रथात, वनात, आणि मधे कुठेही चौकटीची रेघ नाही. खांब, दार, झाड, खडक, हेच एका प्रसंगातून दुसऱ्यात नेतात. माझी मुलं लहान असताना मी दरवर्षी पावसाळा संपला की जायचे आणि दरवेळी एखादी तरी युक्ती घेऊन परत यायचे. भिंतीवर लावायचं काम नाही म्हणे! भिंतीवर गोष्ट कशी सांगायची याची आपल्या शेजारची शाळा दीड हजार वर्षं जुनी आहे.

आता पुण्याचं. इथं मी ठाम उत्तर देऊ शकत नाही कारण ते तुझ्या घरावर अवलंबून आहे. तुला ॲनिमेशन, गेम किंवा जाहिरात यात नोकरी करायची असेल तर जा, ती कामं तिकडंच आहेत आणि टीममध्ये बसून शिकण्यासारखं खूप असतं. माझ्याबरोबरची एक मैत्रीण गेली, स्टोरीबोर्ड करते, उत्तम चाललंय तिचं. पण तुला स्वतःच्या गोष्टी काढायच्या असतील तर हिशोब मांडून बघ, खोलीचं भाडं, मेस, गाडीचं पेट्रोल, हे भरायला महिन्याचे किती दिवस दुसऱ्यांचं काम करावं लागेल आणि उरलेल्या दिवसांत तुझ्या अंगात किती जीव राहील. इथं घरचं जेवण आणि घरची खोली आहे, ही काही साधीसुधी स्कॉलरशिप नाही. घरात तू एकटाच कमावता असशील तर मात्र माझा सल्ला बदलेल, मग आधी पक्का पगार बघ, कुठंही मिळो.

शाळेच्या जागेबद्दलही घरच्यांना एकदम उडवून लावू नकोस. कलाशिक्षकाची नोकरी म्हणजे ठरलेला पगार, ठरलेली सुट्टी आणि समोर रोज ५० वाचक. चांगली कॉमिक्स काढणारे कलाशिक्षक मी पाहिलेत. पण जागेसाठी शेत विकायचा विषय घरात निघत असेल तर मात्र स्पष्ट नाही म्हण. तेवढ्या पैशात तू पाच-सात वर्षं निवांत काढू शकतोस.

पैशाचं विचारलं नाहीस पण त्याशिवाय बाकीच्या बोलण्याला अर्थ नाही. माझं घर दिवाळी अंकांवर चालत नाही, ते मानधन हातखर्चाइतकं असतं. चालतं ते कामाच्या चित्रकथांवर. केळीवाल्यांसाठी सीएमव्ही रोगाची माहिती, म्हणजे पानावर पिवळे पट्टे दिसले की झाड उपटून नष्ट करायचं आणि मावा आटोक्यात ठेवायचा, हे चार चौकटींत. ठिबकच्या देखभालीची घडीपत्रिका. शाळांच्या भिंती. लग्नात पाहुण्यांची व्यंगचित्रं मी करत नाही, गर्दीत माझा हात चालत नाही, पण तुझा चालत असेल तर जरूर कर, ते पैसे त्याच दिवशी हातात येतात.

या कामाला कमी लेखू नकोस हे मात्र मनापासून सांगते. मी सगळ्यात जास्त शिकले ते धडगावकडे सिकलसेलची पुस्तिका करताना. नंदुरबारच्या डोंगराळ भागात हा आजार बराच आहे, रक्ताचा, आईबापांकडून येणारा. आई-वडील दोघं वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळ ग्रस्त असायची शक्यता चारात एक. मी काय केलं, आई, बाप आणि खाली ओळीने चार मुलं काढली, चौथ्याला लाल रंग दिला. चित्र अगदी छान झालं होतं. तपासणी शिबिरात सिस्टरने ते पान एका बाईला दाखवलं आणि पावरीतून विचारलं काय कळलं. ती बाई सुटल्यासारखं हसली. तिला तीनच मुलं होती. चौथं होऊ दिलं नाही म्हणजे आपण वाचलो, असं तिने त्या चित्रातून वाचलं होतं, आणि तिच्या मुलांची तपासणी अजून व्हायचीच होती.

मी दोन रात्री झोपले नाही. मग ते पान टाकून दिलं आणि दाण्यांवर आणलं. मुठीत ज्वारीचे चार दाणे, त्यातला एक रंगवलेला. डोळे मिटून एक काढायचा, बघायचं, परत मुठीत टाकायचा. पुढचं बाळंतपण, परत चार दाणे, परत तेवढीच भीती. एकाखाली एक तीन वेळा तीच मूठ. दुसऱ्या मुठीत रंगीत दाणा निघतो, तिसऱ्या मुठीत परत तोच निघतो, मुद्दाम. हे पान शिबिरात दाखवलं तेव्हा बायका आपणहून विचारायला लागल्या की मग आधीच्या पोरांनापण तपासायचं का. शिवाय त्या पुस्तिकेत मी घरं गवताच्या छपराची आणि एकमेकांना चिकटून काढली होती, आश्रमशाळेतल्या पोरांनी लगेच सांगितलं की आमची घरं कौलारू, भिंती बांबूच्या, आणि प्रत्येकाचं घर आपापल्या शेतात लांब लांब. ते सगळं परत काढलं. चार वेळा जाणं-येणं झालं, पैसे त्यात फार सुटले नाहीत, पण त्या दाण्यांच्या पानावर मी आजही समाधानी आहे आणि माझ्या स्वतःच्या कुठल्याही गोष्टीपेक्षा ते पान मला जवळचं आहे.

व्यवहाराचं थोडक्यात सांगते. काम घेताना पानाचा भाव ठरव, अर्धे पैसे आधी, दुरुस्त्या दोनदा, तिसऱ्यापासून वेगळे पैसे. हे सगळं व्हॉट्सॲपवर तरी लिहून घे. ओळखीतल्या माणसाकडूनही घे, किंबहुना ओळखीतल्याकडून आधी घे, कारण गाव छोटं आहे आणि भांडण झालं तर लग्नाकार्यात तोंड चुकवत फिरावं लागतं.

हक्काचं मात्र व्हॉट्सॲपवर सोडू नकोस. एका अंकाने माझी चार पानं एकदा छापली आणि दोन वर्षांनी तीच पानं माझं नाव काढून कॅलेंडरवर वापरली, विचारलं तर म्हणाले मानधन दिलंय ना. तेव्हा मला काही माहीत नव्हतं म्हणून गप्प बसले. आता माहितीये ते तूही लक्षात ठेव. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी लागतं, त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. नोकरीत काढलेलं काम मात्र बहुतेकदा मालकाचं होतं. म्हणून मी आता बिलावरच दोन ओळी टाकते, "या अंकात एकदा छापण्यासाठी, चित्रकाराच्या नावासह, बाकी हक्क चित्रकाराकडे," आणि त्याखाली समोरच्याची सही घेते. आजपर्यंत एकानेही सही नाकारली नाही.

छपाईचं एवढंच की पुस्तिका पिना मारून करायची असेल तर पानं ४ च्या पटीत लागतात. तुझी १४ आहेत, म्हणजे १६ कर, आत दोन पानं वाढव किंवा श्रेयपान आणि एखादं नुसतं चित्र टाक. आणि आपल्याकडच्या बऱ्याच प्रेसमध्ये अजून श्रीलिपी आणि कोरल चालतं, तुझा युनिकोडमधला मजकूर तिकडं उघडला की वेलांट्या उडतात, म्हणून अक्षरं कर्व्हमध्ये बदलूनच फाइल दे. फॉन्ट हवा असेल तर 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'बलू' फुकट आहे आणि बलूनमध्ये बरा दिसतो. पण जमलं तर अक्षरं हाताने काढ. आणि आधी अक्षरं, मग बलून, मग चित्र. देवनागरीला वर मात्रा-वेलांटी आणि खाली उकार असतात, दोन ओळींत जागा जास्त लागते, चित्र आधी पूर्ण केलंस की संवाद कोंबावे लागतात आणि मग नायकाच्या कपाळावर बलून येतो.

वेळापत्रक इथल्या हवेप्रमाणे ठेव. मे महिन्यात दुपारी जळगावात ४५ च्या पुढे पारा जातो, मी शाईने काढते तर निबवरच शाई वाळते, तुझा टॅब तापून बंद पडत असेल. एप्रिल-मे मी पहाटे ५ ते १० एवढंच काढते आणि मोठी कामं त्या दिवसांत घेत नाही. दिवाळी अंकवाले आषाढ-श्रावणात मजकूर जमवतात, श्रावणात आपल्याकडे कानबाईचा सण असतो, ती बसायच्या आत पानं संपादकाच्या हातात पाहिजेत, नवरात्रात पाठवलंस तर ते पुढच्या वर्षावर जातं.

एकटेपणाचं शेवटी लिहितेय, कारण ते तुझ्या प्रश्नाच्या तळाशी आहे असं मला वाटतं. आपल्याकडे असं बोलायला लागलं की लोक लगेच चाळीसगावच्या केकी मूस यांचं नाव घेतात, की बघा, स्टेशनजवळच्या त्या बंगल्यात राहून आयुष्यभर फोटोग्राफी आणि चित्रं केली, १९८९ साली गेले, आणि आज लोक तिथं संग्रहालय बघायला येतात. त्यांचं टेबलटॉपचं काम, म्हणजे टेबलावर छोट्या वस्तू मांडून काढलेले फोटो, तू बघच, प्रकाश कसा पाडायचा हे मी तिथं पाहिलंय. पण एकांत हा कलाकाराला लागतोच असं त्यातून काढू नकोस. त्यांना तो साधला. कॉमिक्सला वाचणारा लागतो, आणि तोही काम चालू असतानाच, पूर्ण झाल्यावर नाही. म्हणून तालमीला जाऊन बस, कवींच्या बैठकीत कोपऱ्यात स्केचबुक घेऊन बस. पहिले तीन-चार महिने "हा कोण पोरगा" असं बघतील. मग कोणीतरी वही मागेल.

तुझ्या १४ पानांची प्रिंट काढ, कागदावर, टॅबवर नको. पहिली प्रिंट आईला दे. गोष्ट सांगू नकोस, शेजारी बसून समजावूही नकोस. तिला सवडीने वाचू दे आणि तिचं बोट किंवा नजर कुठल्या चौकटीवरून कुठं जाते, कुठं मागे येते, तेवढं पेन्सिलने दुसऱ्या प्रतीवर खूण करत जा. त्या खुणा केलेली पानं मला पाठव, मग आपण तुझ्या गोष्टीवर बोलू.